शंभरात किती?

दसरा जवळ आला की गावाकडून धाकट्या भावाचा फोन येतो. आईचे गुडघे, विहिरीचं पाणी, कांद्याचा भाव असं सगळं बोलून झालं की शेवटी तो विचारतो, "दादा, शंभरात किती?"

मी म्हणतो, "थांब, आज सातवा दिवस. उद्या मोजून सांगतो."

ही चौकशी गव्हाच्या बियाण्याची असते. नालासोपारा पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षानं दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर आमचं वन रूम किचन आहे. ओट्याखाली, पाण्याच्या माठाशेजारी, ओल्या गोणपाटाच्या चार गुंडाळ्या ठेवलेल्या असतात. प्रत्येकीत शंभर दाणे. घटस्थापनेच्या आधी भाऊ गावाकडून येणाऱ्या कुणाबरोबर तरी गव्हाची पुडी पाठवतो. अर्धा किलोसुद्धा नसते. पण ती आली की आठ दिवस आमच्या घरात ओट्याखाली काही ठेवायचं नाही आणि गुंडाळीला पाय लावायचा नाही, अशी ताकीद असते.

शेजारच्या वहिनी रत्नागिरीकडच्या. पहिल्यांदा त्यांनी पाहिलं तेव्हा हसल्या. "भाऊजी, देवापुढे घट बसवलाय तो पुरत नाही का?" मी म्हटलं, "वहिनी, तो देवीचा. हा बियाण्याचा." मग बायको आतून म्हणाली, "दोन्ही एकच हो. ह्यांना मोजल्याशिवाय चैन पडत नाही, एवढंच."

गावाकडे भाऊही तेच करतो. तोही शंभर-शंभर दाणे मोजून रुजत घालतो. दोन माणसांनी दोन ठिकाणी मोजायचं आणि आकडे जुळले तरच बियाणं द्यायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. तो नियम माझ्यामुळे झाला. कसा झाला, ते आजवर घराबाहेर फारसं कुणाला सांगितलं नाही.

आमचं गाव निफाड तालुक्यात, गोदाकाठी. हिवाळ्यात पेपरात बातमी येते ना, 'निफाडला पारा घसरला' म्हणून, तो आकडा बहुतेक वेळा आमच्या शेजारच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी ही तिथून निघालेल्या गव्हाच्या वाणांची नावं. सगळी नाशिकची. आता आमच्याकडे द्राक्षबागा आणि कांदा झाला, पण माझ्या लहानपणी रब्बी म्हणजे गहूच. काळी जमीन, विहिरीचं पाणी आणि थंडी, एवढं गव्हाला पुरतं.

आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, गावात बियाण्याचा गहू ठेवणारे म्हणून ओळखले जात. आमची जमीन फार नव्हती. पण चार घरं हक्कानं आमच्याकडून बी न्यायची. पूर्वी सावकाराकडून बी घेतलं की ते दिढीनं फेडावं लागे, म्हणजे एक पोतं नेलं की सुगीला दीड पोतं परत. नाना पोत्याला पोतं घ्यायचे. त्यात त्यांना सुटत काही नव्हतं. पण पेरणीच्या आधी माणसं ओट्यावर येऊन बसत, चहा पीत आणि विचारत, "नाना, यंदा शंभरात किती?" नाना आकडा सांगत. तेवढ्यावर माणूस पोतं उचलून बैलगाडीत टाकी. आकडा खरा का, असं कुणी विचारत नसे.

नानांची रीत ठरलेली होती. दर तीन-चार वर्षांनी तालुक्याहून प्रमाणित बियाण्याची नवी पिशवी आणायची. गहू हे स्वतःच्याच परागावर दाणा धरणारं पीक. त्यामुळे सरळ वाणाचं घरचं बी तीनेक वर्षं चालतं, फक्त भेसळ होऊ द्यायची नाही. त्या वेळी आमच्याकडे एचडी 2189 होता. बियाण्यासाठी विहिरीजवळचे मधले सारे राखलेले असत. गहू निसवला की नाना मला घेऊन त्या साऱ्यांतून फिरत. एखादं रोप उंच निघालेलं, एखादीची ओंबी वेगळ्या रंगाची, कुसळ वेगळं, असं दिसलं की मुळासकट उपटायचं. सोंगणी झाली की बियाण्याची मळणी वेगळी. मळणी यंत्र आमच्या आधी दुसऱ्या कुणाच्या खळ्यावर चाललेलं असे, म्हणून ते आधी झाडून घ्यायचं आणि तरी पहिलं पोतं खायच्या गव्हात टाकायचं. मग चाळण, मग वैशाखातलं ऊन. दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे. मऊ दबला तर अजून एक दिवस ऊन. संध्याकाळी गहू निवला की पोत्यात भरायचा, थरात लिंबाचा वाळला पाला. पोतं भुईवर नाही, लाकडी फळ्यांवर. भिंतीला टेकवायचं नाही आणि खताची गोणी त्या खोलीत आणायची नाही.

एवढं सगळं करूनही नाना म्हणत, "दाणा पाहून कळत नाय. रुजवूनच पाहावं लागतं."

म्हणून नवरात्रात परीक्षा. शंभर दाणे मोजायचे. टपोरे निवडून नाही, पोत्यात वर, मधे आणि तळाशी हात घालून जे येतील ते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, मग अलगद गुंडाळी. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. चौथ्या दिवशी पाहायचं, आठव्या दिवशी मोजायचं. ज्याला मूळही फुटलंय आणि कोंबही सरळ आलाय तोच दाणा जिता धरायचा. नुसतं मूळ आलं, कोंब वाकडा राहिला, बुरशी धरली, तो मेला. गव्हाच्या प्रमाणित बियाण्याला शंभरात किमान 85 उगवण लागते, हा सरकारी नियम. नाना 90 च्या खाली गेलं की ते पोतं दुसऱ्याला देत नसत.

1987 ची गोष्ट. मी नववीत होतो. त्या फाल्गुनात गहू सोंगून पेंढ्या शेतात पडलेल्या असताना अवकाळी पाऊस आला. दोन दिवस राहिला. पेंढ्यांचा ढीग वरून ताडपत्रीनं झाकला होता, पण खालून पाणी शिरलं. तिसऱ्या दिवशी ढिगात हात घातला तर आत गरम वाफ. नानांनी पेंढ्या पसरल्या, उन्हात उलथ्यापालथ्या केल्या, आठवडाभर वाळवल्या. मळल्यावर गहू तसा बरा दिसला. चकाकी जरा कमी होती आणि काही दाण्यांच्या टोकाला काळपट झाक होती. खायला काही अडचण नव्हती.

नवरात्राच्या तोंडाशी मोठ्या काकांना नाशिकला दवाखान्यात ठेवावं लागलं. नाना त्यांच्याबरोबर गेले. जाताना मला म्हणाले, "यंदा तू मोज. नीट मोज. पाऊस लागलेलं बी हाये. आकडा खोलीच्या दारावर लिहून ठेव."

नानांनी मोजणी माझ्यावर सोपवली याचा मला फार अभिमान वाटला. मी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून दाणे काढले, दोनदा मोजले, गोणपाट भिजवलं. पहिले दोन दिवस वेळेवर पाणी शिंपडलं. तिसऱ्या दिवशी गावात व्हिडिओ आला. देवीच्या मंडपामागं कनात लावून रात्री दोन-दोन सिनेमे. दोन रात्री मी तिथंच होतो आणि दिवसा झोपलेलो. पाचव्या दिवशी दुपारी गोणपाट आठवलं. हात लावला तर वाळून कडक. भीतीनं पोटात गोळा आला. तांब्याभर पाणी ओतलं आणि मग आठव्या दिवसापर्यंत इमानदारीनं शिंपडत राहिलो.

आठव्या दिवशी गुंडाळी उलगडली. मोजले तर 61.

मी स्वतःशी हिशेब केला तो असा: बी चांगलंच आहे, नानांनी ठेवलेलं आहे. मी पाणी घातलं नाही म्हणून कोंब वाळले. पाणी घातलं असतं तर नव्वद नक्की निघाले असते. पुन्हा घालावं तर आठ दिवस लागणार आणि नाना परवा येणार. आल्यावर विचारणार, आठ दिवस काय करत होतास? मी खडू घेतला आणि दारावर 92 लिहिलं. नव्वद फार बेतलेलं वाटलं म्हणून 92.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडली, ती मला आजही टोचते. आईनं घटात पेरायला गहू त्याच पोत्यातला मूठभर घेतला होता. ज्वारी दुसरीकडची. माळेच्या दिवशी ती शेजारणीला सांगत होती, "यंदा घट इरळ आला बाई. ज्वारी तेवढी दाट. गहू काय वर येईना." मी ओसरीवर अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसलो होतो. मी ऐकलं. मान खाली घातली आणि पान उलटलं. आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घटाच्या मातीत जी परीक्षा घेतली, ती तेव्हा माझ्यासमोर खरं सांगत होती. ऐकणारा मीच होतो.

नाना आले. दारावरचा आकडा पाहिला. "स्वतः मोजलं?" म्हणाले. मी "हो" म्हटलं. मोजलं तर मी स्वतःच होतं.

बियाणं तीन घरांना गेलं. त्यातल्या एक मळ्यातल्या काकू. आमच्या भाऊबंदांतल्या. आदल्या वर्षी काका वारले होते, मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्यांची दोन एकर गव्हाची जमीन. एकराला 40 किलो या हिशेबानं 80 किलो बी त्यांनी नेलं. बैल भाड्याचे, पाभर आमची. काकू स्वतः चाड्यावर मूठ धरून चालल्या. दिवाळी होऊन दोन-तीन आठवडेच झाले होते, वाफसा सुरेख होता, थंडी पडायला लागली होती. अशी पेरणी दरवर्षी साधत नाही, असं नाना तेव्हा म्हणाल्याचं मला आठवतं.

दहाव्या दिवशी काकूंचा मुलगा आमच्या दारात उभा राहिला. "नाना, आईनं बोलावलंय."

मीही मागोमाग गेलो. साऱ्यांत ओळी दिसतच नव्हत्या. इथं चार कोंब, मग हातभर मोकळी माती, मग पुन्हा दोन. नाना बांधावर चप्पल काढून आत गेले, उकिडवे बसले आणि बोटानं माती उकरली. दाणा फुगलेला, मऊ. चिमटीत दाबला तर आतून पांढरं पाणी आलं. वास आंबूस. त्यांनी आणखी चार ठिकाणी उकरलं. काकू बांधावर पदर धरून उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "नाना, तुम्ही 92 सांगितले व्हते."

नाना म्हणाले, "व्हय. मीच सांगितले."

त्या रात्री जेवण झाल्यावर मी सांगितलं. व्हिडिओ, वाळलेलं गोणपाट, 61, सगळं. मला वाटलं होतं मार बसेल. नानांनी कंदील उचलला, खोलीत गेले, उरलेल्या पोत्यातून मूठ भरून आणली आणि माझ्यासमोर ठेवली. "मोज शंभर." मी मोजले. गोणपाट त्यांनी स्वतः भिजवलं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी शिंपडलं. आठव्या दिवशी मला बोलावून उलगडायला लावलं. 58 निघाले.

म्हणजे माझा पहिला आकडा जवळजवळ बरोबर होता. मी पाणी घातलं नाही म्हणून ते दाणे मेले नव्हते. ते आधीच मेलेले होते, पेंढ्यांच्या त्या गरम ढिगात.

नाना एवढंच म्हणाले, "तू 61 लिहिलं असतं तर चार पोती बी वाया गेलं असतं. ते आपण दळून खाल्लं असतं. 92 लिहिलं, त्यात लोकांचा हंगाम गेला."

ते आठ दिवस नाना थांबले मात्र नव्हते. काकूंच्या शेतातून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते पैशाच्या खटपटीला लागले. गाभण शेळी विकली, थोडे उसने घेतले आणि निळ्या टॅगच्या पिशव्या आणल्या. आधी काकूंचं रान मोडून पुन्हा पेरलं, मग बाकी दोघांचं. आमच्या स्वतःच्या शेतात नुसते नांगे भरले. पण सगळं जुळून येईपर्यंत डिसेंबर उजाडला. बागायती गव्हाची वेळ नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल उत्पादन घटतं, असं विद्यापीठ सांगतं. हे वाक्य मी पुढं कधीतरी वाचलं तेव्हा मला आकडा पाठ करावा लागला नाही. दाणा भरायच्या वेळेला मार्चचं ऊन आलं आणि काकूंचा गहू चिमला. त्यांना नेहमीपेक्षा तीन पोती कमी झाली. नानांनी आमच्या कणगीतली तीन पोती त्यांच्या घरी नेऊन टाकली. त्या उन्हाळ्यात आम्ही बाजरीच्या भाकरी खाल्ल्या. पाहुणे आले तरच पोळ्या.

भांडण कुणी केलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या नवरात्रात आमच्या ओट्यावर कुणी येऊन बसलं नाही. नानांनी बी ठेवलं होतं, सोन्यासारखं, शंभरात 94. कुणी विचारलं नाही आणि नानांनीही कुणाला सांगितलं नाही. काकूंनी दुकानातून पिशवी आणली. आमचं बी थोडं आम्ही पेरलं आणि उरलेलं मोंढ्यावर खायच्या गव्हात गेलं. पोती गाडीत चढवताना नाना माझ्याकडे पाहत नव्हते.

तिसऱ्या वर्षी काकू आल्या. ओट्यावर बसल्या नाहीत, उभ्यानंच म्हणाल्या, "नाना, बी पाहिजे. पण दाणे मला द्या. मी माझ्या घरी रुजत घालीन. तुम्ही तुमच्या घरी घाला. मग बोलू." नानांनी शंभर दाणे मोजून त्यांच्या पदरात घातले. आठ दिवसांनी काकू आकडा घेऊन आल्या, 91. आमच्याकडे 93. त्यांनी पोतं नेलं. त्या दिवसापासून आमच्या घरचं बियाणं दोन ठिकाणी मोजल्याशिवाय कुठं गेलं नाही.

1996 मध्ये मी नोकरीसाठी मुंबईला आलो. अंधेरीला एका कंपनीत कारकुनी मिळाली आणि परवडणारं घर नालासोपाऱ्यात मिळालं. तेव्हा पाण्याचा टँकर आला की बादल्या घेऊन धावायचं आणि सकाळची विरार गाडी पकडायला दारात लोंबकळायचं, अशी सगळ्यांचीच तऱ्हा. शेतीचा इथं काही संबंध राहील असं वाटलं नव्हतं.

पण नालासोपारा म्हणजे नुसत्या इमारती नाहीत, हे पश्चिमेला गेल्यावर कळलं. स्टेशन ओलांडून सोपारा गावाकडे निघालं की तलाव लागतात, ताडमाड लागतात, भाजीच्या वाड्या लागतात. जुन्या काळी हे शूर्पारक नावाचं मोठं बंदर. इथल्या बुरूड राजाच्या कोटात 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला. पुढं गास, निर्मळकडे गेलं की पावसाळ्यात भाताची खाचरं. स्टेशनबाहेर तिकडचे एक काका भाजी घेऊन बसत. वालाच्या शेंगा, अळू, केळी. रविवारी मी त्यांच्याकडूनच भाजी घ्यायचो. एकदा बोलता बोलता बियाण्याचा विषय निघाला आणि त्यांनी मला त्यांच्या घरी नेलं.

पडवीच्या आढ्याला भाताच्या पेंढ्यानं घट्ट वळलेला मुडा टांगला होता. त्यात पुढच्या सालचं बी. खालून चुलीचा धूर लागायचा, त्यामुळे कीड नाही आणि ओलही नाही. पेरणीआधी ते मिठाच्या पाण्याची परीक्षा करत. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात भात ओतायचं. पोचट वर तरंगतं ते काढून टाकायचं. तळाला बसलेलं चांगल्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. मी म्हटलं, "काका, जड असलेला दाणा जिताच असेल असं नाही. मोजून बघता का?" ते म्हणाले, "मोजायचं काय? आम्हाला नजरेला कळतं."

मी काही बोललो नाही. पण त्यांच्याकडून मूठभर बी मागून घेतलं आणि घरी रुजत घातलं. भाताला गव्हापेक्षा जास्त दिवस द्यावे लागतात, चौदा दिवसांपर्यंत थांबायचं. 73 निघाले. भाताला किमान 80 लागतात. रविवारी जाऊन सांगितलं. काकांनी वजनकाटा खाली ठेवला. "म्हणजे फुकट गेलं म्हणा." मी म्हटलं, "फुकट नाही. बी थोडं वाढवून टाका." त्यांच्याच कागदाच्या पिशवीवर हिशेब करून दाखवला. जिथं 80 उगवणीचं 20 किलो बी लागतं, तिथं 73 उगवणीचं 22 किलो. 20 गुणिले 80, भागिले 73. एवढाच हिशेब. आकडा खरा असला की उपाय करता येतो. त्या वर्षी त्यांचा राब दाट आला. पुढच्या वैशाखात काकाच म्हणाले, "भाऊ, ते शंभर दाणे कधी मोजायचे?"

ह्या गोष्टीचा एक मोठा अवतार मी नंतर कुठंतरी वाचला आणि त्या रात्री मला झोप आली नाही. 1965 साली नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोतल्या बुटक्या गव्हाचं बियाणं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात भारत आणि पाकिस्तानसाठी जहाजावर चढवलं. लॉस एंजेलिसहून निघालेलं ते जहाज कराचीला आणि आपल्या मुंबईला यायचं होतं. पेरणी झाल्यावर लक्षात आलं की उगवण निम्म्यावर आली आहे. बियाण्याला मेक्सिकोच्या गोदामातच इजा झाली होती. बोरलॉग यांनी लगेच सगळीकडे कळवलं, बियाणं दुप्पट टाका. पीक वाचलं. पुढच्या वर्षी, 1966 मध्ये, भारतानं मेक्सिकोहून 18,000 टन बियाणं आणलं आणि त्यातून देशाच्या गव्हाची गोष्ट बदलली. वाचताना मला एकच वाटत राहिलं. तिथं कुणीतरी शेतात जाऊन उकिडवं बसलं असेल, बोटानं माती उकरली असेल आणि जे दिसलं ते तसंच सांगितलं असेल.

आता बियाण्याला कायदा आहे. 1966 चा बियाणे अधिनियम आहे. पिशवीला टॅग असतो: पैदासकार बियाण्याला पिवळा, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा. त्यावर उगवणशक्ती आणि चाचणीची तारीख छापलेली असते. ती तारीख लोक वाचत नाहीत, वाचावी. घरचं बी ठेवण्याचा, देण्याघेण्याचा, ब्रँड न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याला 2001 च्या कायद्यानं दिलेला आहे. तरी 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या, आणि त्यानंतर कृषी खात्याची माणसं गावोगाव जाऊन गोणपाटावर शंभर दाणे कसे मांडायचे ते शिकवू लागली. टीव्हीवर ते पाहताना आई भावाला म्हणाली, "हे तर आपलंच."

नाना 2009 साली गेले. शेवटच्या आजारात ते माझ्याकडे महिनाभर होते, याच घरात. नवरात्राचे दिवस होते. ओट्याखालची गुंडाळी मी आठव्या दिवशी त्यांच्या खाटेजवळ नेऊन उलगडली. त्यांना दिसत कमी होतं. बोटानं चाचपून ते ओळी मोजायला लागले, चाळिशीपर्यंत गेले आणि दमले. म्हणाले, "पुढचे तू मोज." मी मोजले. मोठ्यानं मोजले. 89 निघाले. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. त्या 92 बद्दल आम्ही दोघं पुन्हा कधी बोललो नाही. त्या दिवशीही नाही.

यंदा नालासोपाऱ्यात ऑक्टोबरचा उकाडा जास्तच होता. गव्हाला रुजायला गारवा लागतो, म्हणून गुंडाळ्या माठाला चिकटवूनच ठेवल्या आणि खाली फरशीवर ओलं फडकं टाकलं. एका गुंडाळीत थोडी बुरशी आली. ते दाणे मेलेले धरले. आठव्या दिवशी सकाळी, गाडीला जायच्या आधी, चारही उलगडल्या आणि कागदावर मांडले: 88, 91, 86, 90. सरासरी पावणेएकोणनव्वद. अर्धा-पाव मी कधी वर ढकलत नाही. 88 धरलं.

रुजलेले दाणे बायकोनं गॅलरीतल्या कुंड्यांत टोचले. चार दिवसांत चिमण्या येतात.

भावाला फोन लावला. त्याच्याकडे 89 आले होते. म्हणाला, "दादा, जरा थांब. मळ्यातल्या काकूंचा नातू आलाय बी न्यायला. तो म्हणतो, तुमच्याच तोंडून ऐकायचंय. आजीनं सांगून ठेवलंय म्हणे."

फोनवर पोरगा आला. आवाज नुकताच फुटलेला. "काका, शंभरात किती?"

मी म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी. स्वतः मोजलेत. एका गुंडाळीला बुरशी होती, तीही धरून."